लंगडणारी मुलगी कुणाला दिसली?

पत्र

सर, मी एका माध्यमिक शाळेत खेळाची शिक्षिका आहे. यंदापासून शाळेच्या ॲथलेटिक्स संघाची मुख्य प्रशिक्षक झाले. ६० मुलं-मुली आणि आम्ही चौघं. स्प्रिंट, अडथळे आणि रिले माझ्याकडे. ८०० मीटरपासून पुढचं सगळं गणिताच्या सरांकडे. ते स्वतः अजून रोज पळतात. गोळा, थाळी, भाला २० वर्षांपासून ज्यांच्याकडे आहे ते सर माझ्यापेक्षा बरेच मोठे आहेत आणि माझी जागा त्यांना मिळेल असं सगळे धरून चालले होते. उड्यांसाठी शाळेचाच एक माजी खेळाडू येतो, २३ वर्षांचा, एक पैसाही न घेता.

आमची एक १५ वर्षांची मुलगी आहे. ४०० मीटर, लांब उडी आणि रिले, तिन्हीत उत्तम. गणिताच्या सरांना ती ८०० साठीही हवी आहे. मी नाही म्हटलं की ते न्यूझीलंडचे धावण्याचे प्रशिक्षक लिडियार्ड यांचं नाव घेतात. वर 'तुमच्या स्प्रिंटच्या मुली अर्धा वेळ बसूनच असतात' असंही ऐकवतात. गेल्या महिन्यात तिच्या आईचा फोन आला: तिची नडगी तीन आठवडे दुखतेय. आमच्यापैकी एकालाही तिने सांगितलं नव्हतं. मी तातडीने दीड तासाची बैठक घेतली, त्यात फक्त वाद झाले. थ्रोचे सर उशिरा आले आणि एवढंच म्हणाले, "ती पोर दोन आठवडे लंगडतेय, तुम्हाला दिसलं नाही?" आणि उठून गेले. त्यानंतर ते बैठकीला येतच नाहीत. १४ वर्षांच्या मुलांना ते मोठ्यांचा ७.२६ किलोचा गोळा देतात, तेही मला पटत नाही. यंदा स्प्रिंट सुटताना पाय रोवायचे नवे स्टार्टिंग ब्लॉक घेतले तेव्हाही त्यांचं तोंड वाकडं झालं होतं. उड्यांचा मुलगा गुणी आहे, मुलींना रात्री मेसेजवरसुद्धा तंत्र समजावून सांगतो.

मी कडक व्हावं की सांभाळून घ्यावं? ती मुलगी नेमकी कोणाची? आणि एक छोटा प्रश्न: स्पर्धेच्या दिवशी मुख्य प्रशिक्षकाने उभं कुठे राहायचं? मी नुसती धावत असते.

उत्तर

नमस्कार बाई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात मलाही थ्रोच्या सरांचा राग आला. दुसऱ्या वाचनात त्यांच्या त्या एका वाक्यापाशी थांबलो आणि मग माझं मत बदललं. त्याकडे येतोच, पण आधी दोन गोष्टी आहेत ज्या उद्यावर टाकण्यासारख्या नाहीत. त्यातली एक तुम्ही जाता जाता लिहिली आहे, कौतुकाच्या सुरात.

रात्रीचे मेसेज. तो मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही, बहुधा नसेलच. पण २३ वर्षांचा प्रशिक्षक आणि १५ वर्षांची मुलगी यांचं रात्रीचं एकट्याचं बोलणं, अगदी टेक-ऑफच्या, म्हणजे उडी घेतानाच्या, पायाबद्दल असलं तरी, चालू ठेवायचं नाही. उद्याच नियम करा आणि तो चौघांना सारखा लावा, तुम्हालाही: मुलांशी मेसेज फक्त अशा ग्रुपवर, जिथे दुसरा एक मोठा माणूस आणि पालक आहेत. सामानाच्या खोलीत किंवा गाडीत कोणीही एका मुलासोबत एकटं असायचं नाही. सगळ्यांना एकच नियम असला की त्या मुलाकडे बोट रोखल्यासारखं होत नाही, आणि खरं तर त्याचंही संरक्षण होतं. आता, मेसेजमध्ये उड्यांखेरीज दुसरं काही निघालं, तर ते प्रकरण तुम्ही मिटवायचं नाही. त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे जायचं. 'गुणी आहे, फुकट येतो' हा विचार तिथे मध्ये आणू नका.

दुसरी गोष्ट नडगी. तीन आठवडे म्हणजे फार झालं. नडगीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवल्यावर चांगल्या वीतभर पट्ट्यात दुखत असेल, तर ते बहुतेक वेळा हाडावर आणि आजूबाजूच्या स्नायूंवर आलेल्या ताणाचं दुखणं असतं. पण एकाच जागी, बोटाच्या टोकाएवढ्या ठिकाणी कळ येत असेल, रात्री दुखत असेल, त्या एका पायावर उडी मारता येत नसेल, तर हाडाला बारीक चीर असण्याची शंका धरायची. अर्थात ही परीक्षा आपण नाही करायची, डॉक्टरांनी करायची. एक लक्षात ठेवा, सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. 'एक्स-रे चांगला आलाय, पळू दे' असं म्हणून कित्येक मुलं पुन्हा मैदानात उतरवली गेलीत. डॉक्टर हो म्हणेपर्यंत पळणं नाही आणि उड्याही नाहीत. सायकल किंवा पाण्यातला व्यायाम चालतो का, ते त्यांनाच विचारा.

डॉक्टरांकडे जाण्याआधी तिच्या आईशी आणखी एक बोला. तिची पाळी नियमित आहे का? ती पोटभर जेवते का, की 'हलकं राहायला हवं' असं कोणीतरी तिच्या डोक्यात घातलंय? सराव वाढला आणि खाणं तेवढंच राहिलं, तर शरीर काटकसर करायला लागतं. आधी पाळी लांबते, मग थांबते, आणि हाडं कच्ची राहतात. तीन महिने पाळी आली नाही तर ती डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे. 'जास्त खेळलं की असं होतंच' म्हणून सोडून द्यायची नाही. हे तुम्ही विचारायचं, उरलेल्या तिघांनी नाही.

आता तुमचा प्रश्न: मुलगी कोणाची?

बाई, तिने नडगीचं कोणालाच का सांगितलं नाही, याचं उत्तर याच प्रश्नात आहे. तुम्हा तिघांनाही ती हवी होती आणि तिला ते ठाऊक होतं. तुमच्याकडे 'दुखतंय' म्हणाली तर रिलेतली जागा जाईल. उड्यांच्या दादाला सांगितलं तर तो हिरमुसेल. गणिताच्या सरांना सांगितलं तर ते म्हणतील, बघा, स्प्रिंटमुळेच झालं. मग तिने घरी सांगितलं. पंधराव्या वर्षी एवढी मुत्सद्देगिरी कोणाच्या वाट्याला येऊ नये.

माझ्याही वेळी हे घडलंय. तिहेरी उडी आणि ८०० मीटर, दोन्हींत चमकणारा एक मुलगा होता. मी उड्यांचा, माझा सहकारी धावण्याचा. दोघांची पक्की मैत्री, रोज चहा बरोबर, पण त्या मुलाने आठवड्यात किती काम केलं याचा आकडा आम्ही एकमेकांना कधीच सांगितला नाही. त्याच्या नडगीला चीर गेली, अख्खा मोसम गेला. नंतर तो म्हणाला, "सर, तुमच्यापैकी कोणाला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही." ते ऐकून घरी येऊन मी ज्या वहीत सराव लिहायचो ती उघडली. वही चोख होती. चूक एवढीच की ती माझी होती, त्याची नव्हती.

तुमच्या मुलीचा आठवडा मी पत्रावरून अंदाजाने मांडून बघितला. सोमवारी तुमच्याकडे ब्लॉकवरून सुटण्याचा सराव आणि त्यावर तीन वेळा ३०० मीटर. मंगळवारी उड्या, म्हणजे पूर्ण धावेच्या दहा-बारा उड्या आणि वर एका पायाच्या टणाटण उड्यांचे संच. बुधवारी गणिताच्या सरांनी '८०० चा अंदाज घेऊ' म्हणून पाच वेळा ६००. गुरुवारी पुन्हा तुम्ही, अडथळे आणि रिले. शुक्रवारी पुन्हा उडीचा खड्डा. शनिवारी चढावर पळणं. प्रत्येकाच्या वहीत तिचे दोनच कठीण दिवस आहेत, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं, मी कुठे जास्त करून घेतोय? तिच्या पायांच्या हिशेबात मात्र सहा दिवस लागतात, आणि लांब उडीच्या टेक-ऑफला त्या एका पायावर अंगाच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बोवरमन यांची एक गोष्ट जगभर गेली: कठीण दिवसानंतर सोपा दिवस. हे तुम्ही चौघंही जाणता आणि चौघंही पाळता. पण एकाच मुलीच्या बाबतीत तिघांनी आपापल्या परीने ते पाळलं की तिच्या वाट्याला सोपा दिवस एकही उरत नाही.

म्हणून एक वही हवी. मुलांची, प्रकारांची नाही. साठही मुलांची नको, कोणी भरणार नाही. फक्त जी मुलं एकापेक्षा जास्त प्रशिक्षकांकडे जातात त्यांची. तुमच्याकडे अशी दहा-बारा असतील. रोज एक ओळ: काय केलं, किती केलं, आणि मुलाला ते दहापैकी किती जड वाटलं. तिसरा आकडा मुलानेच सांगायचा, तुमचा अंदाज नको. आठवड्यात कठीण दिवस जास्तीत जास्त तीन, आणि लागोपाठ दोन कधीच नाहीत. चौथा दिवस कोणाला हवा असेल तर त्याने आधी वही बघायची आणि दुसऱ्याकडून दिवस मागून घ्यायचा.

वही कोणाकडे ठेवायची? इथेच मला थ्रोच्या सरांचं वाक्य आठवतं.

तुम्ही ठेवू नका. राग मानू नका, पण तुम्ही मुख्य प्रशिक्षक आहात आणि स्प्रिंटच्या प्रशिक्षकही आहात. त्या मुलीच्या बाबतीत तुम्ही पंच आहात आणि खेळाडूही. बैठकीत तुम्ही काहीही ठरवलंत तरी गणिताच्या सरांना ते 'रिलेसाठी ठरवलं' असंच वाटणार, आणि निम्मं ते खरंही असेल. गणिताच्या सरांकडेही नको, उड्यांच्या मुलाकडेही नको. उरलं कोण? ज्यांना त्या मुलीकडून एकही पदक नको आहे असा एकच माणूस तुमच्या चौघांत आहे, आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला उभं राहून ती लंगडतेय हे त्यालाच दिसलं. तेही तुमच्या आधी दोन आठवडे.

तुम्हाला तो टोमणा वाटला. असेलही. २० वर्षं काढल्यावर जागा दुसऱ्याला गेली तर माणूस सरळ बोलेलच असं नाही. मला त्यांना एक विचारावंसं वाटतं: दिसलं होतं तर दोन आठवडे गप्प का बसलात? त्याचं उत्तरही मला थोडंफार माहीत आहे. 'माझी मुलगी नाही, मी कोण सांगणार?' मुलं वाटून घेतली की डोळेही वाटले जातात. तो माणूस तुमच्या कामाचा आहे. त्याला बघायचं काम द्या, आणि बघून बोलायचा हक्क द्या. 'आज ही पळणार नाही' असं त्यांनी वहीत लिहिलं, की तुम्हीसुद्धा तिला पळवायचं नाही.

त्यांच्याशी बोलायला बैठक नको. सराव संपल्यावर ते भाले मोजून ठेवत असतील तिथे जा आणि आधी चार भाले उचला. मग सरळ सांगा: "सर, त्या दिवशी तुम्ही बोललात ते मला लागलं. पण तुम्हाला दिसलं ते मला दिसलं नव्हतं. या दहा मुलांवर तुम्ही लक्ष ठेवाल का? तुम्ही नाही म्हणालात तर मीही पळवणार नाही." एवढंच. तुमचा अनुभव, तुमचं मार्गदर्शन, हे शब्द वापरू नका. २० वर्षांत त्यांनी निरोप समारंभांत ते पुरेसे ऐकलेत. नाही म्हणाले तर आठ दिवसांनी पुन्हा एकदा विचारा. दुसऱ्यांदाही नाही म्हणाले, तर संघाबाहेरच्या एखाद्या शिक्षिकेला वही सांभाळायला सांगा. पण मला वाटतं, नाही म्हणणार नाहीत.

ते बैठकीला का येत नाहीत, याचाही जरा विचार करा. त्या दीड तासात थ्रोचा विषय किती मिनिटं निघाला होता? माझ्या बघण्यातल्या बहुतेक शाळांत थ्रोची मुलं म्हणजे उरलेली मुलं. जी पळत नाहीत ती तिकडे, उरलेल्या कोपऱ्यात, उरलेल्या वेळात. व्यायामशाळासुद्धा धावणाऱ्यांचं झाल्यावर. त्यात यंदा नवे ब्लॉक आले. बरोबरच आले, तुम्हाला हवेच होते. पण ७.२६ किलोच्या गोळ्यावरून त्यांच्याशी बोलण्याआधी सामानाची खोली उघडून बघा. तिथे ५ किलोचा गोळा आहे का? १८ वर्षांखालच्या मुलांचा गोळा ५ किलोचा असतो, मुलींचा ३ किलोचा; त्या मुलींना ते काय देतात तेही बघा. खोलीत मोठ्यांचेच दोन गंजके गोळे असतील तर सरांनी काय हवेत फेकायचं? हलके गोळे असूनही ते जड देत असतील, तर मात्र तिथे कडक व्हा. जड गोळ्याने ताकद येते ही समजूत चिवट आहे. १४ वर्षांच्या मुलाच्या हातात तो दिला की कोपर खाली येतं, गोळा मानेपासून सुटतो, मुलगा ढकलायचं सोडून फेकायला लागतो, आणि ती सवय पुढे वर्षभर मोडत बसावं लागतं. शिवाय स्पर्धेत त्याला तो गोळा मिळणारच नाही. वहीचं आणि गोळ्याचं बोलणं एकाच दिवशी करू नका, नाहीतर त्यांना वाटेल की वही ही गोळ्याची लाच आहे.

आता गणिताचे सर. लिडियार्डचं नाव ते घेतात ते चुकीचं नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांच्या शिष्यांनी एकाच दिवशी दोन सुवर्णपदकं घेतली, पीटर स्नेलने ८०० मध्ये आणि मरे हॅलबर्गने ५००० मध्ये. ८०० वाल्याकडूनही मैलोन्मैल पळवून घ्यायची त्यांची पद्धत तेव्हा अनेकांना वेडेपणाची वाटली होती. पण स्नेल तेव्हा २१ वर्षांचा होता, आणि तो आठवड्यातून दोनदा लांब उडी मारत नव्हता. हे गणिताच्या सरांना सांगा. हिशेब त्यांना कळतो.

त्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. ४०० मीटर हा प्रकार तुम्हा दोघांच्या कुंपणावरचा आहे. ४०० पळताना साधारण ४० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा प्राणवायूवर चालणाऱ्या यंत्रणेतून येते, ८०० मध्ये हाच वाटा दोन तृतीयांशांच्या घरात जातो. म्हणजे ४०० ची मुलगी 'शुद्ध स्प्रिंट' असते असं तुम्ही म्हणत असाल तर तेही तितकंसं खरं नाही. तिला त्यांच्याकडचा एक सोपा, लांब, गप्पा मारत पळायचा दिवस मिळाला तर तिचं भलंच होईल. फक्त तो खरंच सोपा हवा. बोलता बोलता धाप लागली तर तो सोपा दिवस नाही.

'मुली बसून असतात' यावर तुम्ही चिडलात, पण त्यांना कारण कधी सांगितलंत का? पूर्ण वेगाने पळायचं तर मधली विश्रांतीही पूर्ण लागते. प्रत्येक १० मीटरला साधारण एक मिनिट, असा आपला ढोबळ हिशेब; म्हणजे ६० मीटर पळून सहा मिनिटं थांबायचं. थांबलं नाही तर पुढचं पळणं वेगाचं राहत नाही, दमसासाचं होतं. ज्याने आयुष्यभर लॅपमागे लॅप काढले, मधे थांबला तो श्वास घेण्यापुरता, त्याला ही सहा मिनिटं आळसाची दिसणारच. आणि त्यांची मुलं गप्पा मारत पळतात तेव्हा तुम्हाला काय वाटतं, ते मी विचारत नाही. एक दिवस अदलाबदल करा. त्यांनी तुमच्याकडे घड्याळ लावून उभं राहायचं, तुम्ही त्यांच्या मुलांबरोबर तो सोपा फेरा पळायचा. तुम्हाला दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरताना त्रास होईल, पण दोघांचं भांडण निम्मं होईल.

या मोसमाचा निकाल मी माझ्या मताने सांगतो: नडगी बरी झाल्यावर ४०० आणि रिले. लांब उडी फक्त छोट्या धावेने, तंत्रापुरती, आणि दुखणं पूर्ण थांबून बरेच दिवस गेल्यावरच मोठी. ८०० यंदा नाही. पुढच्या वर्षी तिला विचारा, पण चौघांसमोर नको. आणि 'तुला कोणाकडे राहायचंय?' असं तर अजिबात नको. 'कुठल्या सरावाला वेळ कसा गेला ते कळत नाही?' असं विचारा. उत्तर तुमच्या सोयीचं नसेल, हे धरून चला.

उड्यांच्या मुलाबद्दल आणखी थोडं. स्वतः चांगला खेळलेला तरुण प्रशिक्षक सगळ्यांना आपल्यासारखी धाव आणि आपल्यासारखी उडी शिकवतो. त्याचा दोष नाही, त्याच्याकडे दुसरं उदाहरण नसतं. त्याला डिक फॉसबरीची गोष्ट सांगा. शाळेत असताना फॉसबरीला तेव्हाची रूढ पोटावरची उंच उडी काही केल्या जमेना. त्याने जुन्या कात्री उडीकडे परत जाऊ का, असं विचारलं आणि शाळेच्या प्रशिक्षकांनी जाऊ दिलं. त्यातून हळूहळू पाठीवरून जाणारी उडी तयार झाली. कॉलेजात गेल्यावर तिथल्या प्रशिक्षकांनी त्याला पुन्हा रूढ उडीकडे वळवायचा प्रयत्न केला, पण त्याच्या पद्धतीने तो उंच जातोय हे दिसल्यावर हट्ट सोडला. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये तो २.२४ मीटर गेला आणि सुवर्णपदक घेऊन आला. मला या गोष्टीत फॉसबरीपेक्षा ते दोन प्रशिक्षक जास्त आवडतात. एकाने आधी परवानगी दिली, दुसऱ्याने उशिरा का होईना, बघितलं.

रिलेचं तुम्ही फारसं लिहिलं नाही, म्हणजे ती बहुधा स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी होत असेल. चार मुली तीन प्रशिक्षकांच्या, त्यामुळे सरावाला चौघी एकत्र कधी सापडत नाहीत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये एकाच संध्याकाळी अमेरिकेच्या पुरुषांच्या आणि महिलांच्या, दोन्ही ४×१०० संघांची बॅटन पडली, तीही प्राथमिक फेरीत. वेगाची कमतरता तिथे नव्हती. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, वॉर्मअपनंतर लगेच पंधरा मिनिटं चौघींना आणि एका राखीव मुलीला तुमच्याकडे द्यायचं, हे बाकी तिघांकडून आधी कबूल करून घ्या. आणि तो वेगही वहीत लिहा. रिलेचा सराव म्हणजे पूर्ण वेगाचं पळणं, खेळ नव्हे. जाता जाता तुमच्या मैदानावरच्या खुणा तपासा: ४×१०० मध्ये बॅटन द्यायची जागा आता ३० मीटरची आहे, आणि कित्येक मैदानांवर अजून जुनी २० मीटरचीच रेघ दिसते.

दीड तासाची बैठक बंद करा. आठवड्यातून एकदा २० मिनिटं, मैदानावर, उभ्या उभ्या. सुरुवात थ्रोपासून. फक्त मुलांची नावं घ्यायची: कोण थकलंय, कोणाला दुखतंय, कोणाची उंची एकदम वाढतेय. झपाट्याने उंच होणाऱ्या मुलांचं काही आठवडे सगळंच बिघडतं, पावलं चुकतात, गुडघ्याखाली नाहीतर टाचेत दुखायला लागतं. तेव्हा त्यांच्या उड्या कमी करायच्या आणि ओरडणं बंद करायचं. कोणाची पद्धत बरोबर, हा विषय त्या २० मिनिटांत काढायचा नाही. तो चहाबरोबर काढा.

कडक की सांभाळून, हे तुम्ही विचारलंत. मेसेजच्या बाबतीत कडक. वहीतल्या 'नाही'च्या बाबतीत कडक, आणि तिथे आधी स्वतःशी. बाकी सगळं सांभाळून घ्या.

राहिला स्पर्धेचा दिवस. तुम्ही धावत असता, कारण तुम्हाला सगळं बघायचं असतं. शेवटच्या रेषेजवळ गणिताच्या सरांना उभं करा, घड्याळ त्यांच्या हातात शोभतं. खड्ड्याजवळ उड्यांचा मुलगा. वेळापत्रक आलं की आदल्या रात्री बसून कुठल्या मुलाचे दोन प्रकार एकमेकांवर येतात ते शोधा. नियमात सोय आहे: धावण्याची शर्यत आणि उडी एकाच वेळी आली तर पंच त्या खेळाडूला फेरीतली उडी पुढे-मागे घ्यायला परवानगी देऊ शकतात. पण तिचं नाव पुकारलं आणि ती तिथे नसेल तर ती उडी सोडली असं धरतात. म्हणून हे पंचांच्या कानावर सकाळीच जायला हवं, शर्यत पळून धापा टाकत आलेल्या मुलीने सांगायचं नाही. हे काम तुमचं. एरवी तुम्ही वॉर्मअपच्या जागेपासून नावं पुकारतात तिथपर्यंतच्या वाटेवर उभ्या राहा. जाताना प्रत्येक मूल तुमच्यासमोरून जाईल आणि कोण कसं चालतंय ते तुम्हाला दिसेल.

फक्त सकाळी एकदा ती जागा सोडा. गोळाफेक बहुतेक वेळा लवकर लावतात, मैदानाच्या मागच्या बाजूला, जिथे प्रेक्षकही फिरकत नाहीत. पहिल्या फेरीच्या आधी तिथे जाऊन सरांच्या शेजारी उभ्या राहा.